तात्यांनी मोजून घेतलेले पैसे

निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार. त्यांना इथे तात्या म्हणू. मेंदूच्या पुढच्या भागात डाव्या-उजव्या धमन्यांना जोडणारी एक बारीक रक्तवाहिनी असते, तिच्यावरचा फुगा फुटला होता. वेळेत नाशिकला आणलं, ऑपरेशन होऊन त्या फुग्याला चिमटा घालणारी क्लिप बसली. हातपाय वाचले, बोलणं स्वच्छ राहिलं. पण न्यूरोसायकॉलॉजीच्या, म्हणजे स्मृती-विचार यांवर मेंदूच्या इजेचा काय परिणाम झालाय ते बघणाऱ्या तपासणीसाठी माझ्याकडे पाठवेपर्यंत त्यांच्या घरात मोठं भांडण पेटलं होतं.

भांडण पैशांचं. व्यापाऱ्याने द्राक्षांचे पैसे रोख आणून दिले, मी स्वतः मोजून घेतले, असं तात्या ठामपणे सांगत होते. माल उचलून पसार होणाऱ्या व्यापाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यात कितीतरी शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलंय, त्यामुळे पैसे आले म्हटल्यावर मुलाने कपाट, कोठ्या, देवघर, सगळं उपसलं. काही सापडेना. व्यापारी म्हणे, हिशोब अजून व्हायचाय. मग संशय तात्यांच्या बायकोवर, काकूंवर गेला. शेवटी सगळ्यांनी ठरवून टाकलं की तात्या खोटं बोलतात.

मी विचारलं, "तात्या, आज सकाळी काय काय केलंत?"

"पिंपळगावला जाऊन आलो ना मॅडम. टोमॅटोचे कॅरेट होते. भाव पार पडला."

त्या सकाळी मुलाने त्यांना गाडीत बसवून घरून थेट माझ्याकडे आणलं होतं. तात्या मात्र माझ्या डोळ्यांत बघून, जराही न अडखळता सांगत होते. खोटं बोलणारा माणूस समोरच्याचा अंदाज घेतो. तात्यांना तशी गरजच वाटत नव्हती.

शब्दांची यादी वाचून दाखवली. आपणहून फार थोडे शब्द सांगता आले, त्यातही यादीत नसलेले दोन-तीन घुसले. पण तेच शब्द इतर शब्दांत मिसळून "हा होता का?" असं विचारल्यावर बहुतेक ओळखले. म्हणजे शब्द आत पोहोचले होते, ते शोधून आणणारी यंत्रणा कोलमडली होती. मग चित्रांची चाचणी घेतली. चित्रं एकामागून एक दाखवायची आणि जे दुसऱ्यांदा आलं ते सांगायचं. ही फेरी तात्यांना चांगली जमली. थोड्या वेळाने तीच चित्रं वेगळ्या क्रमाने दाखवली. बजावून सांगितलं, मघाचं सगळं विसरा, फक्त या फेरीत परत आलेलं सांगा. आता मात्र जवळजवळ प्रत्येक चित्राला "हे आलं होतं" असं उत्तर मिळालं. आलं होतंच, पण मघाशी. स्वित्झर्लंडमधले मेंदूविकारतज्ज्ञ आर्मिन श्नायडर यांनी १९९० च्या दशकात अशाच रुग्णांवर हा प्रयोग केला होता. आठवण खरी असते, पण ती आत्ताची की जुनी, हे निवडणारी चाळणी काम करत नाही.

स्मृती म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कानशिलामागे खोल असलेला हिप्पोकॅम्पस येतो. त्याचं कारण १९५३ मधलं हेन्री मोलायसन या रुग्णाचं ऑपरेशन. दोन्ही बाजूंचा तो भाग काढल्यावर त्यांच्या मनात नवी घटना टिकेनाशी झाली. तात्यांच्या एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस शाबूत होता. इजा होती कपाळामागच्या भागाला, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला, तिथेही खालच्या आणि मधल्या पट्ट्यात. मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये सामान्य ज्ञानाची स्मृती आणि स्वतःवर गुजरलेल्या प्रसंगांची स्मृती वेगळी मांडली. प्रसंगाच्या स्मृतीत कधी, कुठे, कोणासमोर हे जोडलेलं असतं. ही जोडणी वापरून हवा तो प्रसंग हुडकणं आणि समोर आलेला प्रसंग बरोबर आहे का हे तपासणं, यात पुढच्या मेंदूचा वाटा मोठा. तात्यांकडे जणू मार्केटच्या पावत्यांचा गठ्ठा होता, फक्त पावत्यांवरच्या तारखा पुसल्या गेल्या होत्या.

म्हणून मी पैशांकडे परत वळले. किती, हे विचारलंच नाही. विचारलं, "मोजताना आजूबाजूला काय होतं?"

तात्या खुलले. "ओटीवर पत्रिका पसरल्या होत्या. पोरी बसून हळदकुंकू लावत होत्या. वणीच्या देवीला पहिली पत्रिका आदल्या दिवशीच ठेवून आलो होतो. व्यापारी चहा प्यायला, म्हणाला, तात्या, लग्नाला येतो."

मागे उभी असलेली मुलगी पुढे आली. "या माझ्या लग्नाच्या पत्रिका, मॅडम. गारपिटीच्या आदल्या वर्षी." म्हणजे २०१३. २०१४ ची गारपीट निफाडमध्ये कोणाला तारीख विचारून आठवावी लागत नाही. काकू एवढा वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "पैसे आले होते हो तेव्हा. त्यातूनच मांडव उभा राहिला." आणि मग मुलाकडे बघून रडल्या. मुलगा खाली बघत राहिला. मला त्या क्षणी चाचणीच्या गुणांपेक्षा काकूंच्या डोक्यावरचा आरोप उतरला, हे फार मोठं वाटलं.

घरच्यांना मी स्पष्ट सांगितलं, तात्यांशी वाद घालू नका, "खोटं बोलता" तर अजिबात म्हणू नका. व्यवहाराची कुठलीही गोष्ट दुसऱ्या माणसाकडून किंवा कागदावरून ताडून घ्या. एक वही ठेवा. तारीख, कोण आलं, काय ठरलं, हे त्यांच्याच हातून त्याच दिवशी लिहून घ्या आणि संध्याकाळी एकत्र वाचा.

मुलीने विचारलं, बरे होतील ना? अशा रुग्णांतलं आपणहून रचून सांगणं बहुधा काही आठवड्यांत ते महिन्यांत कमी होत जातं, स्मरणशक्ती मात्र पूर्ववत होईलच असं नाही, हे मी दोन्ही सांगितलं. मुलाचा प्रश्न वेगळा होता. सोसायटीच्या पीककर्जाच्या कागदांवर तात्यांची सही लागणार होती. मी म्हटलं, सध्या घेऊ नका. पुढची तपासणी द्राक्षांच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीनंतर ठेवली आहे, तोवर थांबा.