खोबरेल तेल आणि काँडोम

पुरुषांशी संबंध ठेवणारे सगळेच स्वतःला 'गे' म्हणवत नाहीत. कुणाचं लग्न झालेलं असतं, कुणाला कुठलंच नाव नको असतं. ते ज्याचं त्यानं ठरवावं. एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांचा धोका नावावर नाही, कृतीवर ठरतो.

गुदमैथुनात काँडोम फाटतो तो बहुतेकदा कोरडेपणामुळे, नाहीतर तेलामुळे. तिथे योनीसारखा ओलावा नसतो, म्हणून घरातलं खोबरेल किंवा व्हॅसलीन हाताशी येतं, आणि त्यानं काँडोमचं रबर (लॅटेक्स) काही मिनिटांतच कमकुवत होतं. पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट (वंगण) घ्या, भरपूर लावा, मध्येच पुन्हा लावा. काँडोमचं टोक चिमटीत धरून हवा काढा, मग मुळापर्यंत उलगडा. उलटा लागला तर फेका. फिरवून तोच वापरू नका.

तरीही फाटला तर 'पेप'ची, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीची, औषधं ७२ तासांच्या आत सुरू करायची, जितकी लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस रोज घ्यायची. सोमवारची वाट बघू नका, कृपा करून! सरकारी आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, माहितीसाठी हेल्पलाइन १०९७.

डॉक्टरांना खरं सांगा. ६ सप्टेंबर २०१८ पासून प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत. आणि गुदमार्गातला गनोरिया (संबंधांतून पसरणारा आजार) लघवीच्या तपासणीत सुटू शकतो. तिथला स्वॅब (बोळ्यानं घेतलेला नमुना) डॉक्टरांना सांगून घ्यावा लागतो.