नाथांनाही हाच प्रश्न पडला होता

पैठणहून फार लांब नाही आमचं गाव, गोदाकाठचंच. सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण असतं. यंदा वाचन आटोपून पोथ्या बांधत होतो, तर शेजारची सातवीतली पोर म्हणाली, "आबा, या सगळ्या ओव्या माउलींच्याच, हे कशावरून?" मागून कुणीतरी लगेच दटावलं, "गप बस माय. ग्रंथावर शंका घेऊ नये. संशयात्मा विनश्यति!"

मला हे सहन होत नाही. तो श्लोक गीतेच्या चौथ्या अध्यायातला, ४० वा. त्याच अध्यायाच्या ३४ व्या श्लोकात ज्ञान कसं मिळवायचं ते सांगितलंय: ज्ञानी माणसाला शरण जा, त्याची सेवा कर आणि त्याला खोदून खोदून विचार. त्याच्याही आधी, चौथ्याच श्लोकात, अर्जुन थेट देवाला विचारतो की तुझा जन्म अलीकडचा, सूर्याचा कितीतरी आधीचा; मग हा योग तू त्याला सांगितलास, हे मी कसं समजू? देव त्याच्यावर रागावत नाही, उत्तर देतो. आपण मात्र लेकरांना गप करायला नेमका ४० वा श्लोक काढतो.

आणि पोरीनं विचारलं ते तर नाथांनाच पडलेलं कोडं. माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली १२९० साली. पुढं जवळजवळ तीनशे वर्षं ती हातानं उतरवली गेली. उतरवताना शब्द बदलले, कुणी पदरच्या ओव्याही घातल्या. एकनाथ महाराजांनी १५८४ मध्ये, शके १५०६ ला, ती शोधून शुद्ध केली. ग्रंथ मुळात अतिशुद्धच, पाठांतरात बिघडला, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. माउलींवर त्यांच्याइतकी निष्ठा कुणाची? तरी समोरची प्रत त्यांनी डोळे मिटून स्वीकारली नाही. निष्ठा होती म्हणूनच नाही स्वीकारली, असं मला वाटतं.

हे सांगितल्यावर पोरीचा पुढचा प्रश्न तयार: "मग नाथांच्या आधीची पोथी कुठंय?" इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ मध्ये एक प्रत छापली, ती नाथांच्या आधीची असा त्यांचा दावा होता. अभ्यासकांनी त्यावरही शंका घेतली, तेही तिला सांगितलं.

पुढच्या सप्ताहात हरिपाठाआधी अर्धा तास लेकरांच्या प्रश्नांना ठेवा, असं पंच मंडळींना सांगितलंय. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणायचं, एवढी एकच अट घातलीय.