आमची वाटचाल : बत्तीस नवरात्रं आणि एक पूर

१९९३च्या नवरात्राआधी दीड महिना, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या ओट्यावर मी एक टेबल मांडलं आणि पुठ्ठ्यावर मराठी-गुजराती दोन्हींत लिहिलं, 'जुनी पर्स, मोजडी, पट्टा, बटवा नवा करून मिळेल.' चार दिवस कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी बाई आल्या. त्यांनी मला चौथीत शिकवलं होतं, म्हणून त्या माझ्यासाठी आजही बाईच आहेत. हातात काळी चामड्याची पर्स, झाकणाला घडीवर चिरा पडलेल्या, बंद कडीपाशी तुटलेला. सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेला इरकली काठ. "आईच्या लुगड्याचा आहे. लुगडं विरलं, काठ धड आहे. याचं काही होतंय का बघ."

मी तो काठ झाकणावर बसवला, कडेने लाल-पिवळ्या दोऱ्याची साखळी घातली, बंद नवा लावला. ३५ रुपये घेतले. बाईंनी पर्स आधी उलटी करून आतली शिवण पाहिली, वही तपासावी तशी. नंतरच्या तीस वर्षांत ती पर्स पाच वेळा माझ्याकडे आली. दर वेळी काहीतरी बदललं, काठ तोच राहिला.

ती पहिली साखळी मी साध्या सुईने घातली होती आणि दोन सुया मोडल्या होत्या. चामड्यावरचं काम मला काकांनी शिकवलं. काका कच्छकडचे मोची, न्यायमंदिराजवळ रस्त्याकडेला बसायचे. आज आरी वर्क म्हणून ब्लाउजच्या बाह्यांवर जे मिरवतात ते मुळात मोच्यांच्या आरीतून आलेलं आहे. कच्छात त्याला मोची भरतच म्हणतात. चपला शिवायची आरी बारीक केली, टोकाला आकडी काढली आणि तीच रेशमावर चालली. हे ब्लाउज शिवणाऱ्यांना माहीत असायला हवं. काकांच्या आरीची लाकडी मूठ घामाने काळी, गुळगुळीत झालेली होती. दोरा कामाच्या खाली डाव्या हातात धरायचा, वरून आरी टोचायची, किंचित वळवायची, आकडीत दोरा घेऊन वर ओढायचा. त्या वळवण्यातच सगळी कला. ते चुकलं की आकडी चामड्यात अडकते आणि भोक फाटतं. दोऱ्याला आधी मधमाशीचं मेण, नाहीतर तो भोकात पिंजतो. १९९४पासून काका आमच्या ओट्यावर बसू लागले. निम्मी भागी ठरली, तोंडी. ते २००९ साली गेले, तोवर त्या भागीवरून एक शब्द कधी वर-खाली झाला नाही.

एकदा घाईच्या दिवसांत मी आभले, म्हणजे भरतकामातले बारीक आरसे, चिकटवायला फेव्हिकॉलची डबी उघडली. काकांनी ती बाजूला सारली. "गुंदर नहि बेन, टांको."

आमच्याकडे कपडवंजचा काचेचा आभला यायचा. तो काचेच्या फुगवलेल्या गोळ्यातून कापतात, त्यामुळे जरा फुगीर असतो आणि उजेड चहूकडे फेकतो. चामड्यावर तो थेट बसत नाही. आधी मांजरपाटाच्या तुकड्यावर दोन उभे, दोन आडवे दोरे घेऊन त्याची चौकट करायची, चौकटीत अडकवत गोल टाका फिरवायचा, मग तो तुकडा आरीने मोजडीवर बसवायचा. नवख्या मुलीला एका आभल्याला पंधरा मिनिटं लागतात, बसलेल्या हाताला पाच. नऊ रात्री गरबा खेळणाऱ्या पायाचा घाम काय असतो हे ज्याने मोजडी उघडून पाहिली आहे त्यालाच कळेल. गोंद त्यात टिकत नाही.

रंगाचं शिक्षण मात्र घरातलं. आजेसासरे कलाभवनात रंगकाम शिकले होते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले हे सगळे सांगतात. तिथे कापड रंगवण्याचं शास्त्र शिकवायचे, हे फारसं कुणी सांगत नाही. आजेसासऱ्यांच्या वहीतली परीक्षा आम्ही अजून घेतो. नव्या लडीतला वीतभर दोरा मिठाच्या कोमट पाण्यात भिजवायचा, पांढऱ्या मलमलीत गुंडाळायचा, रात्रभर वर वरवंटा ठेवायचा. सकाळी मलमलीवर डाग दिसला की लडी दुकानदाराला परत. मंगळ बाजारात यावरून माझी भांडणं झाली आहेत आणि त्याचं मला काही वाटत नाही.

घरी पर्स रंगवणाऱ्यांसाठी इथेच सांगून टाकते. चामड्याची चमक आधी कापसावर अ‍ॅसिटोन घेऊन उतरवा, नाहीतर रंग धरणारच नाही. अ‍ॅक्रिलिकचे पातळ तीन-चार हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. एकच जाड हात दिलात की पहिल्या घडीला तडा. ऑइल पेंट तर लावूच नका. आणि ज्या रेक्झिनची साल निघायला लागली आहे त्यावर काही करू नका. ते आतून विरलेलं असतं, हवेतल्या दमटपणाने. वरून कितीही मोर काढा, महिन्याभरात मोरासकट साल हातात येते. अशी पर्स आम्ही परत देतो, पैसे मिळत असले तरी.

आता ज्या गोष्टीवर मी इतकी वर्षं बोलले नाही ती.

२००३ साली एक मुलगी आमच्याकडे कामाला आली. अठरा वर्षांची, हात सोन्याचा. काकांनी तिला आरी शिकवली, मला शिकवताना केली नव्हती इतकी माया केली. आठ वर्षं ती आमच्या घरात जेवली. २०११मध्ये श्रावणात तिने येणं बंद केलं आणि भाद्रपदात आमच्यापासून अकरा दुकानं सोडून तिची पाटी लागली. दुकान काढलं याबद्दल माझी तक्रार नाही, मीही ओट्यावरच सुरुवात केली होती. पण आमच्या नक्षीच्या खाक्यांचं बाड कपाटात नव्हतं. ट्रेसिंग पेपरवर सुईने टोचलेले दीडशेवर खाके. त्यांतले चाळीसेक काकांच्या हातचे, रॉकेलमध्ये नीळ कालवून पुसून पुसून कडा निळ्या झालेले. काकांचा पोपट, काकांची बावन्न पाकळ्यांची चक्री त्या नवरात्रात तिच्या काचेच्या कपाटात होती. आम्ही ४५० घेत होतो त्या कामाचे तिने २०० लावले. परवडत होतं, कारण आभले प्लॅस्टिकचे होते आणि सगळं काम बंदुकीच्या गरम गोंदाने. पाचव्या रात्री गिऱ्हाइकांच्या मोजड्यांवरून आरसे गळायला लागले आणि त्या बायका आमच्याकडे भांडायला आल्या. दुकान कुठलं हे त्यांच्या लक्षात नव्हतं, पोपट लक्षात होता.

मी तेव्हा जाऊन तिला विचारायला हवं होतं. मिस्टर म्हणाले, सोड. मी सोडलं. आज सांगते, धंद्यात असं काही झालं तर त्याच आठवड्यात जाऊन तोंडावर बोला. खाके देताना घेताना सही घ्या. मुलगी घरची वाटत असली तरी घ्या.

पुढची वर्षं ठीक गेली. २०१७ला समा भागात तळमजल्यावर कारखाना घेतला, सात बायका, चामडं शिवायचं लांब हाताचं मशीन. २०२०मध्ये गरबाच झाला नाही, पुढच्या वर्षी फक्त शेरी गरबे, म्हणजे गल्लीतले. तेही निभावलं.

मात्र २०२३ साली माझ्या हातून एक चूक झाली. कॉलेजच्या मुली येऊन त्या अकरा दुकानांपलीकडचे भाव सांगायच्या आणि वळून जायच्या. मुलगा म्हणाला, आई, एक स्वस्त माल ठेवू, आपणही. मी हो म्हटलं. गोंदावरचा माल. काका असते तर मी हो म्हटलं नसतं.

२६ ऑगस्ट २०२४, गोकुळाष्टमी. समाच्या कारखान्यात गिऱ्हाइकांचे २६८ नग होते. हे नीट समजून घ्या. आमच्या धंद्यात बुडालेला माल आपला नसतो. तो लोकांच्या घरातला असतो. सासूची मोजडी, लग्नातला बटवा, वडिलांचा पट्टा. नवरात्र ३ ऑक्टोबरला होतं. पाऊस थांबेना, विश्वामित्री नदी फुगत गेली आणि ३५ फुटांच्या वर चढली. २०१९मध्ये एका दिवसात वीसेक इंच पाऊस झाला तेव्हाही आमच्या कारखान्यात घोटाभरच पाणी आलं होतं, म्हणून आम्ही सगळं टेबलांवर चढवून निश्चिंत होतो. या वेळी पाणी छातीला लागलं. तीन दिवस तिकडे जाता आलं नाही. रस्त्यांवर मगरी निघाल्याचे व्हिडिओ येत होते आणि मी इथे दांडिया बाजारात कोरड्या ओट्यावर बसून होते.

दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा दिसले ते आरसे. चिखलावर सगळीकडे प्लॅस्टिकचे आरसे पसरले होते. स्वस्त मालाचे ४१ नग होते, त्यांतल्या एकावरही आरसा राहिला नव्हता. टाक्याच्या एकाही मोजडीवरून आभला पडला नव्हता. चिखलातून उचलली, नळाखाली धरली, की काच जागेवर. मी खाली बसून एकेक मोजायला लागले. सुनेने हात धरून उठवलं.

नोंदवही लगदा झाली होती. नगांना स्टेपल केलेल्या चिठ्ठ्यांपैकी बॉलपेनच्या बऱ्या होत्या, जेलपेनच्या ९३ चिठ्ठ्या पुसल्या होत्या. ९३ नग कुणाचे ते कळायला मार्ग नाही. मशीन गेलं, दोरा गेला, साडेतीन लाखांच्या आसपास नुकसान. विमा दुकानाचा होता, कारखान्याचा नव्हता. तुम्ही भाड्याच्या तळमजल्यावर असाल तर आज जाऊन पाहा तुमचा कशाचा आहे. त्यातच अकरा दुकानांपलीकडून बोललं गेलं की त्यांचं सगळं वाहून गेलं, अ‍ॅडव्हान्स परत घ्या. कोण बोललं ते मला तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांनी सांगितलं. चार दिवसांत ४३,००० परत दिले. पाटल्या गहाण टाकल्या.

पाचव्या दिवशी बाई रिक्षाने आल्या. वय ७९. त्यांचीही पर्स त्या २६८ मध्ये होती. मी काही बोलणार तोच म्हणाल्या, "त्या चिठ्ठ्या फेकल्या नाहीस ना?" चिठ्ठ्या वर्तमानपत्रावर वाळत घातल्या होत्या. बाईंनी भिंग काढलं, खुर्ची उजेडाकडे ओढली. तीस वर्षं मुलांच्या भिजलेल्या, खोडलेल्या, तेलकट वह्या वाचलेली बाई. चिठ्ठी तिरपी धरून कागदावर पेनच्या टोकाने उठलेला दाब वाचायच्या आणि सुनेला सांगायच्या, "हा सात आहे, एक नव्हे. हा ळ. वाघोडिया रोड लिही." तीन दिवस. मधे फक्त चहा, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी आणलेली सेव उसळ. ९३ पैकी ७४ चिठ्ठ्या लागल्या. तेव्हापासून आमच्याकडे चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहितात. पाण्यात पेन्सिल पसरत नाही.

पावसात भिजलेल्या चामड्याचं काय करायचं हे मला दर वर्षी विचारतात, तर तेही ऐका. आधी स्वच्छ पाण्याने चिखल काढा, भरतकामावर चोळू नका. आत कोऱ्या कागदाचे बोळे भरा, छापील नको, शाई लागते. बोळे दर चार तासांनी बदला. सावलीत, पंख्याखाली. ऊन दाखवलंत की चामडं लाकडासारखं होतं आणि मग देवही ते वळवू शकत नाही. पुरं वाळल्यावर हलकं तेल. आम्ही दांडिया बाजारातल्या घराच्या तिन्ही खोल्यांत दोऱ्या बांधल्या. गणपतीची आरास त्या वर्षी केली नाही, मूर्तीच्या मागे मोजड्याच लटकत होत्या. लाल दोऱ्याच्या अकरा नगांवर रंग उतरला होता. घाईत परीक्षा न करता घेतलेल्या एका लडीचं काम. बाकी दोऱ्यांनी तीन दिवस चिखलात राहून रंग सोडला नाही.

घटस्थापनेपर्यंत २१९ नग दिले. चाळीस मुलींना मी फोन करून पैसे परत केले आणि त्यांचा स्वस्त माल टाक्यावर फुकट करून दिला, दिवाळीनंतर. एकीने मोजडी नको म्हणून सांगितलं. गोंदाची बंदूक मी मुलाच्या हातूनच भंगारात घातली. कारखाना आता पहिल्या मजल्यावर आहे, भाडं दीडपट. २०२५च्या नवरात्रात पाटल्या सुटल्या.

बाईंच्या पर्सला या वेळी झाकणच नवं घालावं लागलं, जुनं चामडं पाण्याने फुगून सुटलं होतं. काठ धुऊन, इस्त्री करून पुन्हा लावला.

उरलेल्या १९ नगांपैकी १३ लोकांनी येऊन पाहून ओळखले. सहा अजून आमच्या कपाटात आहेत. एक गर्द निळी मखमली मोजडी, लहान पायाची, डाव्या टाचेला आतून पांढऱ्या दोऱ्याचे रफू. एक मरून बटवा, आत एका आण्याचं नाणं शिवलेलं. एक पुरुषी पट्टा, त्याला घरी पाडलेली तीन जास्तीची भोकं. दोन काळ्या पर्स, एकीच्या चोरकप्प्यात सूरसागरजवळच्या फोटो स्टुडिओची रिकामी पाकिटं. एक मुलीची पिवळी मोजडी, एकच पाय. सगळ्यांचं काम पूर्ण केलं आहे. ज्यांचे असतील त्यांनी घेऊन जावे. दुकान सकाळी साडेदहा ते रात्री आठ उघडं असतं. चिठ्ठी नसली तरी चालेल.