चिंगीची लघवी आणि घरातली पंचाईत

शुक्रवार, रात्री

चिंगीच्या लघवीची बाटली सकाळी थोडा वेळ आमच्या फ्रिजमध्ये होती, म्हणून आई अजून माझ्याशी धड बोलत नाहीये. लॅब उघडेपर्यंत ठेवणार कुठं? या उन्हात बाहेर ठेवली तर तपासायचं काय!

पिल्लू असल्यापासून लघवी लागली की दारापाशी जाऊन उभी राहणारी कुत्री. आणि आता सोफ्यामागे, देवघरासमोर, कहर म्हणजे आईच्या ठेवणीतल्या चादरीवर. त्यात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड. "मुद्दाम करायलीय ती, राग काढायलीय," हे आईचं निदान. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, जिथं केलं तिथं नाक घासा. मला दोन्ही पटत नाही. राग काढायचा असता तर एकदाच भरपूर करून मोकळी झाली असती. ही सारखी बसते, बसूनच राहते, कुथते, आणि फरशीवर पडतं चमचाभर. शेवटच्या थेंबांना गुलाबी झाक. मग कितीतरी वेळ स्वतःला चाटत बसते. हिला आग होतेय, रुसवा कसला?

डॉक्टरांनी आधी विचारलं, पाणी किती पिते? मी मोजून ठेवलं होतं. 14 किलोची चिंगी दिवसाला लिटरभर पिते. किलोमागे 100 मिलीच्या वर गेलं असतं तर मधुमेह, मूत्रपिंड असं सगळं बघावं लागलं असतं. नसबंदीचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे गर्भाशयात पू होण्याची भीती जवळपास नाही. (ज्यांच्या मादीचं झालेलं नाही, त्यांनी माजानंतर महिना-दोन महिन्यांत तहान आणि लघवी वाढली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.) ऑपरेशन झालेल्या काही माद्यांची झोपेत लघवी गळते, पण ते त्यांना कळतही नाही. चिंगी तर टक्क जागी असते.

नमुना धरणं हे खरं काम. जुळे सोलापूरच्या रस्त्यावर पहाटे, काठीला बांधलेली जुनी पळी घेऊन कुत्रीच्या मागे मागे वाकून चालणारा माणूस. फिरायला आलेले आजोबा थांबून बघत होते. चिंगीसुद्धा मान वळवून माझ्याकडे बघत होती.

रिपोर्टमध्ये पू-पेशी, रक्त, जिवाणू; साखर नाही. म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग. नमुना फ्रिजमध्ये ठेवला होता का, हेही डॉक्टरांनी विचारलं, कारण गारठ्यानं लघवीत स्फटिक धरतात आणि उगाच खड्यांचा संशय येतो. तरी संसर्गानं खडे होऊही शकतात, म्हणून सोमवारी सोनोग्राफी. गोळ्या मात्र आजपासूनच, आणि बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत.

फिनाईलनं वास आपल्यापुरता जातो, तिला तो येतच राहतो आणि ती पुन्हा तिथंच बसते. त्यासाठीचं एन्झाइमवालं औषध मागवलंय. तोवर देवघरापुढे पाट आडवे लावलेत. रात्री दोनला तिला खाली न्यायची पाळी माझी, पहाटेची बाबांची. बाबा हो म्हणालेत खरे, पण त्यांनी गजर काही लावलेला नाही.