दिवसभर कोडिंगच करतोस का?

घरून फोन आला की हे हमखास विचारतात. नाही हो. इकडे परदेशात आल्यापासून ज्या ज्या सॉफ्टवेअर टीममध्ये काम केलं तिथे दिवस असाच जातो, सकाळी स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग), मग कोणाची तरी पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये सुचवलेला बदल) रिव्ह्यू करायची, बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणं) का फेल झालं ते शोधायचं, दुसऱ्या टीमच्या उत्तराची वाट बघायची, चार वर्षांपूर्वीचा कोड वाचून हे असं का लिहिलंय ते समजून घ्यायचं, आणि मग वेळ उरला तर नवीन कोड.

हे आजकालचं नाहीये. आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच वेळेचा हिशोब मांडला होता, एक तृतीयांश प्लॅनिंग, निम्मा वेळ टेस्टिंग आणि कोडिंगला फक्त एक षष्ठांश! त्यामुळे कोडिंग कमी मिळतं म्हणून लोक वैतागतात हे मला पटत नाही. एखादा अवघड बग (कोडमधली चूक) सापडला किंवा रिव्ह्यूमधून ज्युनिअरला काही नवीन कळलं की मला तरी तो दिवस मस्त वाटतो.

त्रास होतो तो तुकड्यांचा. अकराला एक मीटिंग, पाऊण तासाने दुसरी, मधल्या वेळात काय करणार? डिबगिंग करताना कुठली व्हॅल्यू कुठे बदलते, कुठली रिक्वेस्ट आधी येते हे सगळं डोक्यात धरून ठेवलेलं असतं आणि कोणीतरी पिंग करतं "दोन मिनिटं आहेत का", की ते सगळं पहिल्यापासून परत जुळवा.

मायक्रोसॉफ्टमधल्या डेव्हलपर्सच्या ५९७१ उत्तरांवर एक अभ्यास झाला होता, त्यातही हेच दिसलं की आपला दिवस आपल्या हातात आहे का यावर समाधान बरंच अवलंबून असतं. मीटिंग्स सरसकट वाईट नाहीत, प्लॅनिंगच्या काळात त्या उपयोगीच वाटतात, पण ऐन डेव्हलपमेंट चालू असताना नको होतात.

आमच्या टीममध्ये आता दर आठवड्याला एक जण सपोर्टचे सगळे प्रश्न घेतो, बाकीच्यांना कोणी हात लावत नाही. एवढ्याशा बदलाने लोक संध्याकाळी हसतमुख दिसायला लागले, खरंच! तेव्हा नवीन जॉबचा इंटरव्ह्यू देणाऱ्यांनो, पॅकेज विचाराच, पण तिथल्या डेव्हलपरला हेही विचारा की मागच्या आठवड्यात सलग दोन तास शांतपणे काम करायला कधी मिळालं होतं, आणि त्याला किती आठवावं लागतंय तेही बघा.