कानसीनं खाल्लं, आगीनं खाल्लं

सोनाराच्या धंद्यात गिऱ्हाईकाचा सगळ्यात जास्त संशय कशावर असेल तर घटीवर. सोनं गाळलं की थोडं कमी होतं, कानस मारली की थोडं उडतं, पॉलिशमध्ये थोडं जातं, हे खरंच आहे, उगीच का झारेकरी आमच्या दुकानातली केरधूळ पैसे मोजून नेतात आणि धुवून त्यातनं सोनं काढतात. पण खरी घट किती आणि सोनाराच्या खिशात गेलं किती हे गिऱ्हाईकाला कळायला मार्ग नाही.

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. दिवाळी होऊन गेलेली, कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, जरा सामसूम होती. एक वयस्कर काका आले, आजऱ्याकडचे कॅथलिक, सगळं आयुष्य शिरोलीच्या एका फौंड्रीत भट्टीवर काढलेलं. वारलेल्या बायकोची सोन्याची चेन होती रुमालात बांधलेली. दोन नातींना एकेक बारीक चेन आणि त्यात क्रॉस, सात-सात ग्रॅमचा एक सेट, असं करून हवं होतं. चेन भरली १४.८२० ग्रॅम. म्हणले, भाऊ, इथंच माझ्यासमोर गाळा, आणि स्टूल ओढून बसले पण.

समोर गाळा म्हणणारं गिऱ्हाईक आम्हाला नवीन नाही. पण ह्यांच्या बोलण्यात संशय नव्हता, भट्टीची सवय होती. मूस, म्हणजे सोनं गाळायचं भांडं, तापली, सवागी म्हणजे टाकणखार टाकला, तसं ते पुढं वाकून रंग बघायला लागले आणि आपणहून म्हणले की फौंड्रीत पण मेल्टिंग लॉस धरतात, आणि तिथंपण त्या लॉसच्या नावाखाली काय काय खपवतात ते मी बघितलंय. मग एकदम म्हणले, "तुमच्या धंद्याचा आमच्यात एक संत आहे, माहीत आहे काय? सेंट एलॉय. सोनार होता. धातूचं काम करणाऱ्या सगळ्यांचा तोच, म्हणजे माझा पण तोच की."

मला आपले नरहरी सोनार माहीत. विठ्ठलाचा कडदोरा करायला गेले आणि माप काही केल्या जुळेना, ती गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, माघात त्यांची पुण्यतिथी आम्ही करतोच. पण ख्रिश्चनांच्यात सोनार संत असेल असं कधी मनात पण आलं नव्हतं.

काकांनी सांगितलं ते असं. फ्रान्समध्ये लिमोज गावाजवळ साधारण ५८८ च्या सुमारास ह्याचा जन्म. बापानं पोराचा हात बघून आब्बो नावाच्या सोनाराकडं शिकायला ठेवला, तो आब्बो लिमोजच्या टांकसाळीचा प्रमुख. पुढं दुसरा क्लोटेर म्हणून राजा होता, त्याला सोन्याचं, रत्नं जडवलेलं आसन पाहिजे होतं. राजानं सोनं तोलून दिलं एका आसनाचं. एलॉयनं काम पुरं करून आसन नेऊन दिलं, राजा खूश, बक्षीस द्या म्हणाला, तेव्हा ह्यानं दुसरं आसन बाहेर काढलं. म्हणला, सोनं उरलं होतं, ते वाया जायला नको म्हणून त्याचं हे केलं.

एवढं ऐकून माझा हात थांबला. सोनारच आहे मी, दिलेल्या सोन्यातनं दुसरा नग निघावा एवढं सोनं उरतं आणि ते परत जातं, ह्याचा अर्थ काय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. रात्री घरी जाऊन मी वाचलं तर त्यात अजून एक बारकावा सापडला. एलॉयचा मित्र आउदोएन, जो पुढं रुआंचा बिशप झाला, त्याच्या नावावर एलॉयचं चरित्र आहे, आणि त्यात लिहिलंय की दुसरे सोनार म्हणायचे कानसीनं खाल्लं, आगीनं खाल्लं, ह्यानं तसली काही सबब सांगितली नाही. अहो, चौदाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आणि सबब तीच! गुजरीत आजही हेच ऐकायला मिळतं.

तर सोनं गाळलं, पट्टी ओतली, टंच काढला, म्हणजे शंभरात शुद्ध सोनं किती ते बघितलं. आला ८२. बावीस कॅरेट म्हणून विकलेली चेन, ९१.६ यायला पाहिजे. टंच बघायचं मशीन वरवरचं बघतं त्यामुळं गाळायच्या आधी चांगलंच दाखवलं होतं, पण आत कड्याकड्यांना डाक, म्हणजे सांधायचा हलका धातू, भरून ठेवलेला. कुठनं घेतली होती ते काकांनी सांगितलं, मी इथं लिहीत नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी ओव्हरटाइम करून घेतलेली बायकोसाठी. मला सांगायला जड गेलं पण सांगितलं, मशीनचा आकडा त्यांच्याकडं फिरवला आणि कागदावर हिशोब मांडला. शुद्ध निघणार १२ ग्रॅमच्या आसपास, त्याचं बावीस कॅरेट केलं तर १३.१ ग्रॅम, म्हणजे सात-सातचे दोन होत नाहीत.

काका बराच वेळ त्या कागदाकडं बघत बसले. चिडले नाहीत, पण डोळे भरले. म्हणले, तिनं एवढी वर्षं घातली, तिला कधी कळलं नाही हे बरं झालं. मला त्या विकणाऱ्याचा एवढा राग आला की बस. ज्यानं त्या कड्यात डाक भरला त्याला चांगलं माहीत होतं की हे कधीतरी गाळलं जाणार, आणि तेव्हा आपण समोर नसणार.

मग चहा मागवला. बोळात गलाईवाला, म्हणजे सोनं शुद्ध करून देणारा, आहे, मूळचा विट्याकडचा, देशभर गलाईचा धंदा त्याच पट्ट्यातल्या लोकांनी नेलाय, त्याच्याकडं पट्टी घेऊन आम्ही दोघं गेलो आणि शुद्ध करून होईपर्यंत तिथंच बसलो. तेवढ्यात काकांनी पुढचं सांगितलं. एलॉय मार्सेयच्या टांकसाळीचा प्रमुख झाला, त्याचं नाव असलेली नाणी आजही शिल्लक आहेत. पुढं राजा दागोबेरचा मोठा सल्लागार झाला, हातात भरपूर पैसा, आणि तो पैसा घालवला कशात, तर गुलाम विकत घेऊन सोडवण्यात. पैसे कमी पडले तर अंगावरचा पट्टा, दागिने काढून द्यायचा. ६३२ मध्ये सोलिन्याकला मठ काढला, ६४१ मध्ये नॉयॉंचा बिशप, १ डिसेंबर ६६० ला वारला, त्याच दिवशी त्याचा सण. घोड्यांचे नालबंदही त्यालाच मानतात, बिथरलेल्या घोड्याचा पाय काढून नाल ठोकून परत जोडला अशी आख्यायिका आहे. ती गोष्ट लोकांना फार आवडते, पण मला आसनाचीच मोठी वाटते. पाय जोडणं चमत्कार झाला, सोनं परत देणं रोज कुणालाही जमण्यासारखं आहे आणि तरी होत नाही.

१४४९ मधलं पेट्रुस क्रिस्टुसचं एक चित्र पण बघितलं मोबाईलवर, सोनार दुकानात बसलाय, हातात छोटा तराजू, बाजूला वजनांची चळत, समोर लग्नाचं जोडपं. बरीच वर्षं ते एलॉयचंच चित्र म्हणून ओळखलं गेलं. डोक्यामागं तेजोवलय होतं, ते मागाहून कुणीतरी रंगवलेलं निघालं म्हणून काढून टाकलं. आता नुसता तराजू धरलेला माणूस राहिलाय, आणि मला तो तसाच जास्त पटला.

दोन्ही सेट ६.४०० ग्रॅमचे झाले, एक डिसेंबरच्या आत. काकांच्या समोर दोन्ही भरले, घट १५० मिलीग्रॅम आणि उरलेलं १८० मिली वेगळं कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेलं, ते पण भरून दाखवलं. काका म्हणले राहू दे भाऊ तुम्हाला. मी म्हणलं नाही काका, ते तुमच्या मिसेसचं आहे. शेवटी त्या दिवसाच्या भावानं त्याचे पैसे मजुरीतनं वजा केले आणि बिलावर मूळ वजन, टंच, घट, उरलेलं सगळं ओळीनं लिहून खाली त्यांची सही घेतली.