दुसऱ्या पुस्तकावरची सूट

पुस्तकांच्या दुकानात सवलतीचे दिवस लागले की, एरवी एक पुस्तक निवडायला अर्धा तास घेणारा माणूस दहा मिनिटांत नऊ पुस्तके उचलतो आणि घरी आल्यावर त्यांतली सहा कशासाठी घेतली हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही. हा माणूस मीच आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. तीन खंडांचा एक जाडजूड संच केवळ अर्ध्या किमतीत मिळतो म्हणून मी घेतला होता. त्यावरचा प्लास्टिकचा कागद अजून निघालेला नाही, आणि आता तो काढायला मला संकोच वाटतो. सूट किती आहे हे पुस्तकावर छापलेले असते, पण आपण ते वाचणार आहोत की नाही हे कुठेच छापलेले नसते. त्यामुळे आपला सगळा हिशेब छापलेल्या आकड्यावरच चालतो.

बऱ्याच चुका केल्यावर मी स्वतःपुरता एक नियम ठरवला आहे. सवलतीच्या दिवसांत पुस्तके सुटी घ्यायची नाहीत, जोडीने घ्यायची : एक कादंबरी आणि तिच्या शेजारी शोभेल असे एक आत्मकथन. एरवी जोडी घेणे खिशाला जड जाते, म्हणून आपण कादंबरी घेतो आणि आत्मकथन ‘पुढच्या वेळी’ असे म्हणून मांडणीवर परत ठेवतो. सवलतीने जी रक्कम वाचते ती या परत ठेवलेल्या दुसऱ्या पुस्तकाची असते, असे मी मानतो. गणित काटेकोर नाही, पण तिसऱ्या खंडापेक्षा बरे आहे.

या नियमाचे मूळ विश्राम बेडेकरांच्या दोन पुस्तकांत आहे. ‘रणांगण’ ही त्यांची कादंबरी 1939 साली आली. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून जीव घेऊन पळालेले ज्यू निर्वासित, त्यांच्यातली हॅर्टा आणि तिच्या वाटेत आलेला चक्रधर. प्रवास थोड्या दिवसांचा, पुस्तक इतके बारीक की दोन जाड ग्रंथांच्या मध्ये ठेवले तर त्याचा कणाही दिसत नाही. सवलतीच्या टेबलावर ते नेहमी कशाच्या तरी खाली सापडते. मी ते महाविद्यालयात असताना ग्रंथालयातून आणून एका रात्रीत वाचले होते, आणि ‘प्रेमकथा, दुःखान्त’ एवढ्याच खात्यावर मनात नोंदवून परत केले होते.

पुढे कितीतरी वर्षांनी त्यांचे आत्मचरित्र, ‘एक झाड आणि दोन पक्षी’, हाती आले. ते 1984 साली प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कादंबरी आणि आत्मचरित्र यांच्यामध्ये पंचेचाळीस वर्षांचे अंतर आहे. शीर्षकातले दोन पक्षी उपनिषदातले : एकाच झाडावर बसलेल्या दोघांपैकी एक फळ खातो आणि दुसरा न खाता नुसता पाहत राहतो. आत्मचरित्राला याहून नेमके नाव देता आले असते असे मला वाटत नाही. बेडेकर स्वतः महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून बोटीने परतले होते. आत्मचरित्र वाचून झाल्यावर मी ‘रणांगण’ पुन्हा काढले, आणि चक्रधराचा जो कोरडेपणा मला पहिल्या वाचनात नुसता खटकला होता त्याच्या मागे पाहणारा पक्षी बसलेला दिसू लागला. कादंबरीतले एक अक्षर बदललेले नव्हते. तरी मी एक वेगळेच पुस्तक वाचत होतो. कादंबरीत काय ‘खरे’ होते याची झडती घेण्यासाठी आत्मचरित्र वाचू नये. तो उद्योग फार लवकर कंटाळवाणा होतो. लेखकाने अनुभवातले काय उचलले यापेक्षा काय मागे ठेवले आणि किती वर्षे ठेवले, हे पाहण्यात अधिक मौज आहे.

दुसरी जोडी आनंद यादवांची. ‘गोतावळा’ (1971) ही सबंध कादंबरी नारबा नावाच्या शेतगड्याच्या तोंडून, त्याच्याच बोलीत उतरलेली आहे. ज्याला स्वतःचे घरदार नाही अशा या माणसाचा गोतावळा म्हणजे मळ्यातली जनावरे, आणि मालकाने ट्रॅक्टर आणायचे ठरवल्यावर तो गोतावळा एकेक करून उठू लागतो. यंत्र आणि माणूस या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण इथे यंत्राबद्दल कोणी भाषण करीत नाही. नारबा फक्त रिकामा होत जाणारा गोठा सांगतो. ‘झोंबी’ (1987) हे आत्मकथन त्यानंतर सोळा वर्षांनी आले, आणि 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. त्यात तोच मळा, तीच कामे, तीच जनावरे आहेत, पण सांगणारा मुलगा तिथून सुटून शाळेत जाऊ पाहतो आहे, आणि बाप त्याला मळ्यातच राबवू पाहतो आहे. कादंबरीत ज्या मातीवर माया जडली तिच्यातून बाहेर पडण्यासाठी आत्मकथनात झोंबी खेळावी लागते. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की ही ओढाताण आपोआप दिसते, त्यासाठी समीक्षकाची गरज पडत नाही. ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ हे पुढचे भाग लगेच घ्यायची घाई मात्र करू नये. पहिला भाग संपवल्यावरही ओढ राहिली तर घ्यावेत. संचाचा मोह मला महाग पडला आहे, हे वर आलेच आहे.

जोडी एकाच लेखकाची असावी असे काही नाही. जयवंत दळवींची ‘चक्र’ (1963) आणि दया पवारांचे ‘बलुतं’ (1978) मी एकाच सवलतीत, एकाच पिशवीतून आणली. दळवी झोपडपट्टीत शिरतात ते कादंबरीकाराच्या उघड्या डोळ्यांनी, आणि त्यांना जे दिसते ते चुकवता येण्यासारखे नाही. पवार मात्र मुंबईतल्या कावाखान्याच्या वस्तीत शिरत नाहीत, ते तिथलेच आहेत. शिवाय त्यांनी निवेदनाची एक विलक्षण युक्ती केली आहे : दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, म्हणजे गावकुसाबाहेरचा मुलगा शिकूनसवरून मोठ्या झालेल्या स्वतःलाच ऐकवतो. इथेही पुन्हा दोन पक्षी आहेत. मात्र इथल्या एकाच्या वाट्याला फळ कधी आलेच नव्हते, आणि दुसऱ्याला ते पाहणेही सोसवत नाही.

एक जोडी मला अपघाताने सापडली. अभिनेत्री हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ (1970) हे नावाप्रमाणे सांगितलेले पुस्तक आहे. त्यांच्या बोलण्याचे शब्दांकन अरुण साधूंनी केले. त्याच साधूंची ‘मुंबई दिनांक’ ही कादंबरी 1972 ची. एका बाजूला दुसऱ्याचा आवाज जपण्यासाठी स्वतः बाजूला उभा राहिलेला लेखक, आणि दुसऱ्या बाजूला अख्खे शहर एका दमात बोलायला लावणारा तोच लेखक. ही जोडी कितपत टिकते याविषयी माझ्या मनात शंका आहे, तरी मोडवत नाही.

काही पुस्तकांना जोडीदार लागत नाही. पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ (1962) ही पत्रांची कादंबरी आहे आणि त्यात एकाच बाजूची पत्रे आहेत. पलीकडची उत्तरे वाचकाने मनात लिहायची, म्हणजे तिचा जोडीदार वाचकच. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चेही तसेच. त्याचा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, कवी असलेल्या नवऱ्याचा विक्षिप्तपणा, 1895 सालचे त्याचे धर्मांतर आणि त्यानंतरची ताटातूट हे सगळे या बाईंनी इतक्या सहज विनोदाने सांगितले आहे की रडू कुठे आले हे पान उलटल्यावर कळते. याच्या संक्षिप्त आवृत्त्याही निघालेल्या आहेत, आणि सवलतीच्या ढिगात नेमकी तीच प्रत हाताला लागते. संपूर्ण आवृत्ती आहे ना, हे पाहून घ्यावे. लक्ष्मीबाईंचे पाल्हाळ कोणीतरी आपल्या सोयीसाठी छाटलेले असावे, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

पाहून घ्यावे यावरून आठवले. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांत छापून बांधतात, आणि बांधणीत एखादा फॉर्म राहून जातो किंवा दोनदा शिवला जातो. सवलतीत घेतलेला माल बहुधा परत घेत नाहीत. मी एकदा आणलेल्या कादंबरीत पान 96 नंतर थेट 113 आले, आणि नायिकेचे लग्न मधल्या सोळा पानांत कोणाशी झाले हे मला शेवटपर्यंत संदर्भाने ताडावे लागले. तेव्हापासून मी दुकानातच पानांचे आकडे भराभर चाळतो. शेजारी उभ्या असलेल्या लोकांना मी शेवट आधी वाचणारा माणूस वाटत असावा.

जोड्या घरी आल्यावर टिकतातच असे नाही. ‘रणांगण’च्या तीन प्रती मी आतापर्यंत घेतल्या, कारण बारीक पुस्तक मागायला कोणाला संकोच वाटत नाही आणि परत करायची आठवणही राहत नाही. आत्मचरित्र मात्र जाड असल्यामुळे जागचे हलत नाही. गेल्या महिन्यात एक स्नेही ‘गोतावळा’ घेऊन गेले आणि त्यांनी ती पुढे आणखी कोणाला तरी दिल्याचे परवा आनंदाने सांगितले. त्यामुळे या वेळी माझी यादी एका ओळीची आहे. कपाटात ‘झोंबी’ एकटीच उभी आहे आणि तिच्या शेजारच्या फटीतून मागची भिंत दिसते.